बर्फ अर्ध्या तासात, नदी पाच महिन्यांत

बर्फ मला अर्ध्या तासात मिळाला. तोही फुकट, घरबसल्या. अडले ती नदीपाशी.

एम.टेक.चा विषय होता, उपग्रहाने मोजलेल्या बर्फावरून डोंगरी नदीला उन्हाळ्यात किती पाणी येईल ते काढायचं. ‘नाशकात बसून बर्फ?’ हे घरच्यांपासून रिक्षावाल्या काकांपर्यंत सगळ्यांनी विचारून झालं. नासाचा आइससॅट-२ हा उपग्रह २०१८ पासून हिरव्या लेसरने जमिनीची उंची मोजतोय. हिवाळ्यातल्या उंचीतून बर्फ वितळल्यानंतरची उंची वजा केली की राहते ती बर्फाची खोली. लॉगिन केलं, बियास नदीच्या खोऱ्याची चौकट आखली, डाउनलोड झालं.

पण काढलेला अंदाज खऱ्या नदीशी ताडून तर बघायला हवा. आपल्याकडे दुतोंड्या मारुती कुठवर बुडाला यावरून गोदेचा पूर कळतो. मला तसा एक मारुती बियासवर हवा होता. म्हणजे रोजच्या विसर्गाचे आकडे. गोदावरीचे सहज मिळतात. बियास पडली सिंधू खोऱ्यातली, आणि सिंधू, गंगा, ब्रह्मपुत्रा खोऱ्यांचे आकडे गोपनीय. मिळतात, पण अर्ज करून.

ऑगस्टमध्ये अर्ज भरला. सोबत हमीपत्र हवं. शंभराच्या स्टॅम्प पेपरवर होईल म्हणून गेले, तर आता ५०० चाच घ्यावा लागतो. नोटरी झाली. विभागप्रमुखांची सही झाली, तर प्राचार्यांचीही हवी; प्राचार्य आठवडाभर बाहेरगावी. ते आले तेव्हा शिक्का कपाटात आणि किल्ली रजेवर. आमच्या जावक विभागातले काका पाकिटावर नंबर टाकताना म्हणाले, “मॅडम, बर्फ वरून दिसतो ना? मग पाणीपण वरूनच बघा की!” तेव्हा हसले. ऑक्टोबरात त्यांचंच खरं वाटायला लागलं.

कारण तिकडच्या कार्यालयात फोन लावला की एकच उत्तर, “फाइल ऊपर गई है.” दिवाळीआधी वर, दिवाळीनंतरही वरच. डिसेंबरात फोन उचलणारा माणूस बदलला, त्याने विचारलं, “कौन सी फाइल?” मी गॅलरीत जाऊन पाच मिनिटं नुसती उभी राहिले.

सांगायचं राहिलंच, पाठवण्याआधी प्रत्येक पानाची झेरॉक्स ठेवा. आणि आइससॅट अख्खं खोरं मोजत नाही, आपल्या वाटेखालच्या अरुंद पट्ट्याच मोजतो. मधलं उंची-उतार बघून भरावं लागतं. कड्यांवरचे बिंदू सरळ काढून टाका, तिथली उंची भरवशाची नसते. ते वाचवण्यात माझा आठवडा गेला.

शेवटी सर म्हणाले, “नदी बदल.” कॅलिफोर्नियातली टुओलमी घेतली. तिथे २०१३ पासून विमानातूनही बर्फ मोजलाय आणि नदीचे आकडे सगळ्यांना खुले. तेही क्युसेकमध्ये, गंगापूर धरणाच्या विसर्गासारखे! एवढ्या लांबच्या नदीबद्दल एकदम आपलेपणा वाटला.

पहिल्या फेरीत जवळजवळ चौथा हिस्सा पाणी गायब. चूक माझीच. खोली म्हणजे पाणी नव्हे. १ मीटर बर्फाची घनता घनमीटरला ३०० किलो धरली तर ३०० मिलिमीटर पाणी, ४०० धरली तर ४०० मिलिमीटर. वसंतात बर्फ दबून जड होतो आणि मी मात्र हिवाळ्याचाच आकडा धरून बसले होते. तो बदलल्यावर नॅश-सटक्लिफ गुणांक, म्हणजे अंदाज खऱ्या विसर्गाशी किती जुळतो त्याचं माप, एकदाचा बरा आला. (आईला वाटलं, हे माप नाशिकचंच.)

जानेवारीत तिकडून पत्र आलं, रकाना ९ रिकामा असल्याने अर्ज परत. झेरॉक्स काढून बघितलं. रिकामाच होता. प्रबंध टुओलमीवर देऊन झाला, पण बियास मी सोडलेली नाही. परवा नवा स्टॅम्प पेपर आणलाय, आणि रकाना ९ सगळ्यात आधी भरलाय.