कॉर्कस्क्रू निकामी झाल्यावर : जुन्या शिराझचे बूच काढण्याचा अनुभव

दिंडोरी तालुक्यात माझ्या मामांची द्राक्षबाग आहे. आज तिथे सगळी खाण्याची द्राक्षे आहेत. पण पूर्वी काही वर्षे ओढ्याकडच्या उतारावरील एका तुकड्यात मामांनी वायनरीशी करार करून शिराझ या लाल वाइनच्या द्राक्षजातीची लागवड केली होती. २०१२ च्या हंगामातील त्या मालापासून झालेल्या वाइनची एक बाटली वायनरीने त्यांना दिली होती. पुढे करार संपला, भाव परवडेना, म्हणून वेली काढून टाकाव्या लागल्या, आणि त्या तुकड्याची खूण म्हणून एवढी एक बाटली घरातील सर्वांत गार खोलीत, धान्याच्या कोठीशेजारी, आडवी ठेवलेली राहिली. मामांच्या एकसष्टीला ती उघडायची असे मामींनी ठरवले होते. त्यामुळे त्या संध्याकाळी बूच काढायचा कॉर्कस्क्रू निकामी झाला तेव्हा दुसरी बाटली उघडण्याचा प्रश्नच नव्हता. हीच बाटली, आणि तीही आतल्या वाइनला धक्का न लावता उघडणे भाग होते.

नाशिक परिसरातील बऱ्याच वाइनच्या बाटल्यांना आता फिरकीचे पत्र्याचे झाकण असते, म्हणून घरोघरी कॉर्कस्क्रू असतोच असे नाही. मामेभावाने आणलेला कॉर्कस्क्रू दोन पंखांचा होता. त्याचा पेच बुचात शिरू लागला की दोन्ही बाजूंचे दांडे वर येतात, आणि ते खाली दाबले की बूच उचलले जाते. रचनेत काही वावगे नाही. दोष पेचात होता. चांगल्या कॉर्कस्क्रूचा पेच ही मध्ये पोकळी ठेवून वळवलेली तार असते आणि ती बुचाला न फोडता त्यातून वाट काढते. याचा पेच मात्र भरीव दांड्यावर आटे पाडलेला, सुताराच्या गिरमिटासारखा होता. गिरमिटाने जे व्हायचे तेच झाले. दांडे दाबताच पेच बुचाचा मधला गाभा पोखरून सरळ वर आला आणि त्या हिसक्यात एका दांड्याचे दातेही तुटले. बूच जागचे हललेसुद्धा नव्हते. त्याच्या मधोमध पेन्सिल जाईल एवढा खड्डा पडला होता आणि त्यात कोरडा तपकिरी भुगा साचला होता.

घरातून लगेच उपाय सुचवले जाऊ लागले. मामेभावाने मोबाइलवर एक चित्रफीत दाखवली. तिच्यात बाटलीचा तळ बुटात ठेवून तो बूट भिंतीवर आपटत होते. हा प्रकार खोटा नाही. प्रत्येक ठोक्यासरशी आतला द्रव मागेपुढे हिसका घेतो आणि त्याच्या दाबाने बूच थोडे थोडे बाहेर सरकते. परंतु तोच मार काचेलाही बसतो, आणि काचेत बारीक चीर असली तर ती बाटली फुटेपर्यंत कळत नाही. शिवाय जुन्या लाल वाइनमध्ये रंगद्रव्ये आणि टॅनिन, म्हणजे तुरटपणा देणारी द्रव्ये, एकत्र येऊन गाळ तयार होतो. तो तळाशी बसावा म्हणून मामांनी सकाळपासून बाटली उभी करून ठेवली होती. भिंतीवरच्या पहिल्याच ठोक्याने तो सगळा गाळ वर आला असता.

दुसरा सल्ला मानेला गॅसची आच देण्याचा होता. बूच आणि वाइन यांच्यामधली हवा तापून फुगेल आणि बूच वर ढकलेल, असा त्यामागचा विचार. या सल्ल्याला मी ठाम विरोध केला. युरोपात फार जुन्या पोर्ट या गोड, कडक वाइनची बाटली उघडताना तिची मान लालबुंद तापवलेल्या चिमट्यात धरतात, मग तिथेच गार पाण्याचा स्पर्श करून काच तडकवतात आणि बुचासकट मान वेगळी करतात. काच एका जागी तापली की तिचे काय होते हे यावरून समजावे. तिथे तडा हवा असतो, आणि तो खास अवजाराने, सरावलेल्या हाताने पाडलेला असतो. आपल्या स्वयंपाकघरात तो कुठून कुठे जाईल यावर कोणाचाही ताबा नसतो.

मामींचा उपाय मात्र विचार करण्याजोगा होता. पळीच्या लाकडी दांड्याने बूच आत ढकलावे, असे त्या म्हणाल्या. ऐन वेळी दुसरे काही हाताशी नसेल तर हा मार्ग त्यातल्या त्यात सुरक्षित आहे, पण तो सांभाळूनच करावा लागतो. बुचाखाली हवेची जागा अगदी थोडी असते. बूच खाली जाऊ लागले की ती हवा दाबली जाते आणि बूच सुटल्याबरोबर वाइनची चिळकांडी कपड्यांवर उडते. म्हणून बाटली मोरीत ठेवावी, तोंडावर फडके धरावे आणि सावकाश, सरळ दाबावे. पुढे ओततानाही बूच तरंगत येऊन मान अडवते, तेव्हा ते एखाद्या काडीने बाजूला धरावे लागते. आमच्या बाटलीबाबत अडचण वेगळी होती. पोखरलेले बूच दाबले असते तर त्याचे तुकडे होऊन ते गाळासह वाइनमध्ये मिसळले असते. म्हणून हा उपाय आम्ही अखेरचा म्हणून राखून ठेवला आणि बूच बाहेरच काढायचे असे ठरले.

त्यासाठी आपण कशाशी झगडतो आहोत हे माहीत असलेले बरे. वाइनचे बूच ज्या ओक वृक्षाच्या सालीपासून करतात त्याची सर्वाधिक साल पोर्तुगालमध्ये निघते, आणि एकदा काढल्यावर पुन्हा साल काढायला साधारण नऊ वर्षे थांबावे लागते. ही साल म्हणजे हवेने भरलेल्या असंख्य बंद पेशींचा थर असतो. इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट हूक यांनी सूक्ष्मदर्शकाखाली बुचाच्याच कापात पाहिलेली त्या कप्प्यांची रचना १६६५ साली प्रसिद्ध केली होती. साधारण २४ मिलिमीटर व्यासाचे बूच दाबून सुमारे साडेअठरा मिलिमीटरच्या मानेत बसवलेले असते, आणि ते सगळे कप्पे मूळ आकाराला येण्यासाठी काचेवर सतत रेटा देत राहतात. निरोगी बूच ओढायला २०० ते ४०० न्यूटन, म्हणजे २० ते ४० किलो वजन उचलण्याइतका जोर लागतो. तेवढा जोर पेलणारी पकड बुचाच्या आत मिळवणे, एवढाच खरा प्रश्न होता, आणि आमच्या बुचाच्या वरच्या अर्ध्या भागात पकड घेण्याजोगे काही उरलेच नव्हते.

मामांनी मोबाइलचा टॉर्च मानेमागे धरायला सांगितला. हिरव्या काचेतून बुचाची पूर्ण लांबी दिसली. ती साधारण ४५ मिलिमीटर होती, आणि खड्डा तिच्या निम्म्यापर्यंतच पोहोचला होता. खालचा भाग शाबूत होता. बाटली इतकी वर्षे आडवी असल्यामुळे तो वाइनने ओलसर, म्हणजे लवचीक राहिलेला असणार, असे मामा म्हणाले. उभ्या ठेवलेल्या बाटलीचे बूच वाळून ठिसूळ होते आणि काढताना त्याचा चुरा होतो.

बागेच्या अवजारांच्या पेटीतून आम्ही तीन इंची लाकडी स्क्रू निवडला. निवडताना दोन गोष्टी पाहिल्या. त्याचे आटे खोल आणि विरळ हवेत. नटबोल्टचे बारीक, जवळजवळचे आटे बुचाला किसतात, धरत नाहीत. आणि त्याची लांबी एवढी हवी की खालच्या शाबूत भागात तो चांगला रुतल्यावरही पकडण्यापुरता बाहेर राहील. स्क्रू गरम पाण्याने व साबणाने स्वच्छ करून पुसला. टोकापासून ४० मिलिमीटरवर चिकटपट्टीची खूण केली, म्हणजे तो बुचाच्या खालून बाहेर पडून वाइनमध्ये भुगा पाडणार नाही. मामांनी कलमाच्या चाकूने बाटलीच्या तोंडावरचा पत्रा ओठाच्या खालून गोल कापून काढला, मी खड्ड्यातील भुगा काडीने बाहेर काढला आणि ओठ ओल्या फडक्याने पुसला.

स्क्रू मी हातानेच फिरवला. यंत्राचा वेग इथे घातक ठरला असता. पहिल्या निम्म्या भागात तो पोकळीत नुसता लटपटत होता, म्हणून डाव्या हाताच्या चिमटीत तो मध्यावर धरून ठेवावा लागला. मग टोक शाबूत बुचाला टेकले आणि हाताला फरक जाणवला. आधीची सैल फिरकी संपून घट्ट, सारखा विरोध सुरू झाला. इथे खाली जोर द्यायचा मोह होतो. तो आवरायला हवा, कारण जुने बूच त्या दाबाने आत घसरू शकते. आटे एकदा धरले की स्क्रू स्वतःच खाली ओढला जातो. अर्धा फेरा, थोडी उसंत, पुन्हा अर्धा फेरा, असे करत चिकटपट्टी बुचाच्या माथ्याला आली तेव्हा थांबले.

आता ओढायचे कसे? खिळे उपटायच्या हातोड्याने हे काम होते, पण हातोड्याची टाच बाटलीच्या ओठावर टेकते आणि सगळा भार काचेच्या एका कडेवर येतो. घडी घातलेले फडके ठेवले तरी मला ते पसंत नव्हते. मामांनी मांडवाची तार आणली. द्राक्षबागेत आयुष्य काढलेल्या माणसाचा तारेवर हात बसलेला असतो. स्क्रूच्या डोक्याखाली त्यांनी तारेचे दोन वेढे घेतले, पक्कडीने पीळ देऊन ते आवळले, दोन्ही टोके खुरप्याच्या सुट्या लाकडी मुठीभोवती गुंडाळून पुन्हा पिळली, आणि स्क्रूवर आडवी बसलेली, दोन्ही हातांनी धरता येईल अशी पकड तयार झाली. तारेत जराही सैलपणा राहू नये म्हणून त्यांनी शेवटचा पीळ दोनदा तपासला.

बाटलीभोवती जाड टॉवेल गुंडाळला, मानेपर्यंत. मान तडकलीच तर हात सुरक्षित राहावेत म्हणून हे आवश्यक आहे आणि घाईत नेमके हेच राहून जाते. मामेभाऊ पाटावर बसून बाटली गुडघ्यांत धरून राहिला. मामांनी मूठ दोन्ही हातांत घेतली, पण आधी ओढले नाही. वर ताण ठेवून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने हलकासा पीळ दिला. उलट दिशेने पीळ दिला तर स्क्रूच सुटून येईल. बूच वर्षानुवर्षे काचेला चिकटून बसलेले असते आणि ती चिकट पकड सरळ ओढीपेक्षा पिळाने लवकर सुटते. १७९५ साली इंग्लंडमध्ये सॅम्युअल हेन्शॉल यांनी कॉर्कस्क्रूचे पेटंट घेतले ते याच तत्त्वावर. त्यांनी पेचाच्या वरच्या टोकाला एक चकती बसवली; पेच पूर्ण आत गेला की चकती बुचाच्या माथ्यावर टेकते, पेचाला आणखी खाली जाऊ देत नाही आणि मग फिरवण्याचा सगळा जोर बूच फिरवण्यात जातो.

करकर असा बारीक आवाज आला आणि बूच किंचित फिरले. टॉर्चच्या उजेडात मानेच्या आतल्या बाजूला त्याची जुनी कडा गडद जांभळ्या रेषेसारखी मागे राहिलेली दिसली. त्यानंतर मामांनी फक्त सरळ वर ओढले, हिसका न देता. बूच निम्मे बाहेर आल्यावर ते थांबले. खालची हवा विरळ होऊन बुचाला आत धरत असते, त्यात वरचा भाग पोखरलेला. घाई केली असती तर ते मधूनच तुटले असते. उरलेला भाग त्यांनी फडक्यात धरून, हळूहळू डावीउजवीकडे झुकवत बाहेर काढला. तळाचा थर वाइनने रंगलेला होता, वास स्वच्छ होता आणि स्क्रूचे टोक खालून बाहेर पडलेले नव्हते.

मानेच्या आत चिकटलेले भुग्याचे कण ओल्या फडक्याने टिपून घेतले. धुवून घट्ट पिळलेले मलमल स्टीलच्या नरसाळ्यात अंथरले आणि वाइन काचेच्या जगमध्ये एकाच संथ धारेने ओतली. मानेमागे पुन्हा टॉर्च धरला होता, त्यामुळे गाळाची काळसर रेघ बाटलीच्या खांद्यापर्यंत आल्याबरोबर ओतणे थांबवता आले. पेल्यात वाइनचा रंग मध्ये गडद, कडेला विटकरी झालेला होता. वासाला सुके अंजीर आणि त्यामागून काळी मिरी. “ओढ्याकडच्या मालात ही मिरी असायचीच,” मामा म्हणाले आणि त्यांनी पेला मामींच्या हातात दिला. इतकी जुनी वाइन उघडल्यावर फार वेळ टिकत नाही, म्हणून ती आम्ही त्याच संध्याकाळी संपवली.

एक इशारा आवर्जून द्यायला हवा. यांतले काहीही फसफसणाऱ्या वाइनच्या बाटलीवर करू नये. तिच्यात वातावरणाच्या पाच-सहा पट दाब असतो आणि तिचे बूच हातानेच, वरून घट्ट धरून, सावकाश सोडायचे असते.

मामांकडे आता वेटर वापरतात तो घडीचा कॉर्कस्क्रू आहे. कार्ल विएन्के यांनी १८८२ साली जर्मनीत पेटंट घेतलेल्या रचनेचा. विकत घेताना मी पेचाच्या मधल्या पोकळीत काडेपेटीची काडी घालून पाहिली. ती न अडता आत जाते तो पेच चांगला, आणि मध्ये भरीव दांडा लागला तर तो कॉर्कस्क्रू दुकानातच ठेवावा. जुन्या, ठिसूळ बुचांसाठी दोन पातळ पात्यांचे वेगळे साधन मिळते. त्याची पाती बूच आणि काच यांच्या फटीतून एकाआड एक खाली सरकवतात आणि मग पिळत वर ओढतात, त्यामुळे बुचाला भोकच पडत नाही. मात्र बूच सैल असेल तर ही पाती त्याला आत ढकलतात, म्हणून आधी बोटाने दाबून ते घट्ट आहे की नाही हे पाहून घ्यावे.