कापशीचा पाचवा दिवस

शुक्रवार, रात्री

काळा टी-शर्ट धुवायला टाकला. आता त्याला काळा म्हणायची सोय राहिली नाही.

ताई परगावी गेलीये, म्हणून तिची कुत्री कापशी आठवडाभर माझ्याकडे. तिला 'मोठी पॉमेरियन' म्हटलं तर ताईने फोनवरच माझी हजेरी घेतली. "सॅमॉयेड आहे ती!" तसं कूळ एकच, स्पिट्झ. तेच उभे त्रिकोणी कान, तीच पाठीवर वळलेली शेपटी. पण पॉमेरियन जेमतेम तीन किलोचा जीव, आणि ही एकवीस.

पहिल्या रात्री हिला हॉलमध्ये ठेवून खोलीचं दार लावलं. दार उघडेपर्यंत तिने जो गळा काढला! मग वाचत बसलो. वायव्य सायबेरियातल्या नेनेत्स लोकांची ही कुत्री. दिवसा रेनडियर राखायची, स्लेज ओढायची आणि रात्री तंबूत माणसांना चिकटून झोपायची. म्हणजे चूक माझीच. नॉर्वेचा ध्रुवसंशोधक नान्सेन १८९५ मध्ये जहाज सोडून उत्तर ध्रुवाकडे निघाला, तेव्हा त्याच्याबरोबर सायबेरियातली २८ कुत्री होती. एकेक मारून उरलेल्यांना खायला घातलं, शेवटी एकही राहिलं नाही. ते वाचून थोडा वेळ हिच्याकडे बघवेना.

आज ब्रश घेऊन बसलो. बोटाने केस दुभंगले तरी कातडी दिसेना. फुंकर मारली तेव्हा कुठे गुलाबी रेघ दिसली. वर लांब राठ केस, आत लोकरीसारखा दाट थर. नुसता वरवर ब्रश फिरवून भागत नाही, मुळापासून थोडे थोडे केस उचलत विंचरावं लागतं. दीड तासात एक बाजू झाली, आणि शेजारी दुसरी कापशी होईल एवढा ढीग. भादरूनच टाकावं का, असं विचारलं तर ताई पुन्हा ओरडली. हाच थर ऊनही अडवतो, आणि भादरल्यावर तसाच परत येईल याची खात्री नाही.

आणि ते हसू! ओठांचे कोपरेच वर वळलेले. माझी चप्पल कुरतडतानाही हसरीच, कुकरच्या शिट्टीला दचकली तरी हसरीच. खरं काय ते शेपटी सांगते. शिट्टी झाली की ती पाठीवरून सुटून खाली येते.

आत्ता पंखा पाचवर आहे. तिच्यासाठी घातलेली सतरंजी तशीच पडलीये. ती उघड्या फरशीवर, पाठ माझ्या पलंगाला टेकवून झोपलीये. मी चादर गळ्यापर्यंत ओढून हे लिहितोय.