तुम्ही विचारलंत म्हणून: एन्सेलाडसवर राहायला जाता येईल का?

फोंड्याला आमच्या गच्चीवर सहा इंची दुर्बीण लावली की शनीचं कडं बघून झाल्यावर कुणीतरी हटकून विचारतं, "सर, शनीच्या त्या बर्फाळ चंद्रावर पाणी सापडलंय ना? मग हवाबिवा तयार करून माणूस राहील की तिथे." चंद्र म्हणजे एन्सेलाडस. माझ्या दुर्बिणीतून तो दिसत नाही, शनीच्या उजेडात हरवतो. शनीच्या सर्वांत मोठ्या चंद्रावर, टायटनवर भागवावं लागतं.

पाणी आहे, खरंच. २००५ मध्ये कॅसिनी यानाला त्याच्या दक्षिण ध्रुवावरच्या भेगांतून वाफ आणि बर्फाचे कण उसळताना दिसले. कवचाखाली खारा समुद्र आहे. घोडं अडतं ते हवेपाशी. या चंद्राचा व्यास ५०४ किलोमीटर. ५० किलो तांदळाचं पोतं तिथे स्प्रिंगच्या काट्याला अडकवलं तर अर्ध्या किलोच्या जरा वर भरेल. त्याच्या तावडीतून कायमचं सुटायला सेकंदाला २४० मीटर वेग पुरतो. दाबोळीहून निघालेलं विमान वर गेल्यावर साधारण तेवढ्याच वेगाने जातं. आपल्याला सोसेल अशा उबेत नायट्रोजनचे रेणू याच्या दुप्पट वेगाने धावतात. म्हणजे हवा सोडायची आणि जाताना बघत बसायचं. शिवाय तिथली जमीन म्हणजेच उणे २०० अंशांचं बर्फ. ऊब दिली की पायाखालचंच वितळणार.

माझ्या आतेभावाला हे पटलं नाही. त्याचं दुर्भाटला खाजन शेत आहे, म्हणजे खाडीला बांध घालून काढलेलं. "खाडीतून जमीन काढली तेव्हाही लोक हसलेच असतील," म्हणाला. मुद्दा मला आवडला, कारण मानशीचं, म्हणजे त्या बांधातल्या पाण्याच्या वाटेचं, दार मी लहानपणी तासन्‌तास बघत बसायचो. सुकतीला आतलं पाणी ते ढकलून उघडतं, भरतीला बाहेरचं पाणी रेटून बंद करतं. माणूस लागत नाही.

गंमत म्हणजे एन्सेलाडसही भरती-सुकतीवरच चालतो. ३३ तासांत तो शनीभोवती जरा लंबगोल फेरी मारतो, ओढ कमीजास्त होते, अंग दाबलं-ताणलं जातं. त्या उबेवर समुद्र टिकून आहे. शनीपासून सर्वांत लांब असताना भेगा फाकतात आणि फवारा जोर धरतो. मानसच ती.

पण खाजनात ऊन, वारा, गाळ सगळं आयतं होतं, अडवायचं होतं फक्त खारं पाणी. तरी बांध फुटला की खार उतरेपर्यंत शेत पडीक. एन्सेलाडसवर ऊन आपल्या नव्वदाव्या हिश्श्याचं, आणि बांध फुटला तर श्वासच जाणार.

बर्फात खणून बंद खोल्यांत चार माणसं राहिली तर निसर्गनियम आड येत नाहीत. पण अंतराळ स्थानकात वजन जाणवत नसल्याने महिन्याला सुमारे एक टक्का हाड झिजतं, इथेही फार वेगळं व्हायचं नाही. आणि खालच्या समुद्रात जीव असलाच तर त्याच्यात आपले जंतू कालवायचे? मला नाही रुचत. २०१७ मध्ये इंधन संपत आलं तेव्हा कॅसिनीला मुद्दाम शनीत लोटून जाळलं, ते नेमकं हेच टाळायला.

भाऊ थोडा वेळ गप्प बसला. मग दुर्बिणीला डोळा लावून म्हणाला, "यातला कुठला ठिपका तो?"

"दिसत नाही म्हटलं ना."

"बघू तरी," म्हणाला, आणि हलेचना.