जमशेदचा खापरपणजोबा

दादरला आमच्या शेजारी पारशी कुटुंब होतं. जमशेदी नवरोजला त्यांच्याकडून रवो यायचा, वर तुपात परतलेले बेदाणे आणि बदाम. जमशेद कुणी राजा होता, एवढंच मला ठाऊक. त्याचा खापरपणजोबा मला पन्नाशीत भेटला, टोरांटोच्या आगाखान संग्रहालयात, हातभर उंचीच्या एका कागदावर.

गयुमर्स. फिरदौसीच्या शाहनाम्यातला, म्हणजे इराणी राजांच्या महाकाव्यातला, पहिला राजा. डोंगरात राहायचा, अंगावर बिबट्याचं कातडं. त्याच्यासमोर रानटी श्वापदंही माणसाळायची. इराणचा बादशहा शाह तहमास्प याच्यासाठी केलेल्या शाहनाम्याच्या पोथीत २५८ चित्रं होती. त्यातलं हे तब्रीझच्या सुलतान मुहम्मद नावाच्या चितार्‍याने साधारण १५२२ ते १५२५ या काळात काढलेलं. १५४४ साली दोस्त मुहम्मद या त्याच काळातल्या चितार्‍याने लिहून ठेवलंय की या चित्रापुढे भल्याभल्या चितार्‍यांनी लाजेने माना खाली घातल्या.

मी काचेला नाक लावून उभी होते. जांभळे, निळे, पोपटी खडक, आणि त्या खडकांत लपलेले चेहरे! एक दिसला की शेजारी दुसरा दिसतो. डोंगर चौकटीत मावलेला नाही, वर समासात घुसलाय. पण मला खिळवून ठेवलं ते राजाच्या झुकलेल्या मानेने. भोवती दरबार, मुलगा सियामक, नातू होशंग, आणि हा असा उदास. सियामकला पुढे काळा देव मारणार आहे. आपल्याकडचा देव नव्हे, इराणी देव म्हणजे राक्षस. सुलतान मुहम्मदने ते दुःख आधीच त्याच्या खांद्यांवर ठेवलंय, असं मला वाटतं.

(ही पोथी विसाव्या शतकात एका मालकाने सुटी केली आणि पानं विकली. त्याचा राग माझ्या मनातून जात नाही.)

घरी येऊन वाचत बसले. अवेस्तात, म्हणजे पारशांच्या धर्मग्रंथात, गयुमर्स राजा नाहीच, पहिला माणूस आहे: गय मरेतन. गय म्हणजे जीवन, आणि मरेतन म्हणजे आपला मर्त्य. नंतरच्या ग्रंथांत येतं की तो मेल्यावर त्याच्या बीजातून रेवाचिनीचं झुडूप उगवलं आणि त्यातून पहिलं जोडपं, मश्य आणि मश्यानी. गेलेल्यांसाठीच्या पारशी प्रार्थनेत आजही गय मरेतनपासून पुढच्या सगळ्या पुण्यात्म्यांचं स्मरण करतात.

शेजारचे अंकल गेले तेव्हा मी नववीत होते. भिंतीपलीकडून आंटींचा प्रार्थनेचा आवाज यायचा, एका लयीत, बराच वेळ. शब्द कळत नसत. हे नाव त्यात असणार, आणि मी ते अभ्यास करता करता ऐकत होते.