चादरींच्या मुलखातला कवी: बॅलीव्हर्नीला जाताना

आयर्लंडमध्ये कॉर्कहून किलार्नीला जाणारा नवा एन-22 महामार्ग बॅलीव्हर्नी गावाला वळसा घालतो, त्यामुळे गाडीवाले न कळत पुढे निघून जातात. मॅक्रूमनंतर पाट्यांकडे नीट पाहा. हा आयरिश बोलणारा पट्टा आहे, त्यामुळे इथे गावाचं नाव फक्त आयरिशमध्ये (Baile Bhuirne) लिहिलेलं असतं.

मी इथे आलो तो शॉन ओ रिअर्डॉनसाठी. 1916 साली याच गावात जन्मलेला हा कवी. दहा वर्षांचा असताना वडील क्षयानं गेले, 1938 मध्ये त्यालाही तोच रोग निघाला. त्या काळी आयर्लंडमध्ये क्षय घराण्याला लागलेला डाग मानत. ‘प्रकृती नाजूक आहे’ म्हणत आणि विषय बदलत. (ओळखीचं वाटतं ना?)

सुलान नदीपलीकडच्या उतारावर संत गोबनात या स्त्रीसंताचं कब्रस्तान आहे, तिथे त्याची कबर. संगीतकार शॉन ओ रियादाही इथेच पुरलेला. जाण्याआधी ओ रिअर्डॉनची ‘फियाव्रस’, म्हणजे ‘ताप’, ही छोटी कविता वाचून जा. थुंकीची, शेजाऱ्यांची कुजबुज तिच्यात शोधाल तर फसाल. तिची सुरुवात अंतरांनी होते: पलंगाचे डोंगर उंच, जमिनीपर्यंतचा प्रवास लांबचा, आणि बसणं-उभं राहणं मैलोन् मैल दूर कुठेतरी अजून चालू आहे. आपण चादरींच्या मुलखात आहोत, खुर्ची जेमतेम आठवते. वाळीत पडणं माझ्या मते याहून नेमकं कुणी मोजलेलं नाही.

आयरिशमध्ये ताप ‘माझ्यावर’ असतो, आपल्यासारखा ‘अंगात’ नव्हे. भाषांतरात हे हमखास निसटतं. दुसरी अडचण ‘आपण’ची: दुसऱ्या कडव्यात एकटा आजारी माणूस अनेकवचनात बोलतो. त्याचं ‘मी’ केलंत तर कविता तक्रारीसारखी वाटू लागते.

कबरीपासून जवळच गोबनातची वारीची ठाणी, म्हणजे थांबून प्रार्थना करायच्या जागा, आहेत. तिनं काठीनं रेघ ओढून प्लेगला गावाच्या हद्दीबाहेर ठेवलं, अशी आख्यायिका. तिच्या मध्ययुगीन लाकडी मूर्तीशी रिबीन लांबीनं आणि घेरानं मोजून घेतात आणि आजारपणासाठी घरी जपून ठेवतात. ती मूर्ती लोकांसमोर येते 11 फेब्रुवारीला, तिच्या सणाच्या दिवशी. त्या दिवशी कब्रस्तानाकडच्या अरुंद रस्त्यावर गाडी नेऊ नका, गावात लावून चालत जा.