गुलाबाची पानं कुणी कापली?

घरामागे नुसती हिरवळ होती. दिसायला नीटनेटकी, पण तिथे मधमाशी फिरकायची नाही. आता कडेने कॉसमॉस, झिनिया, सूर्यफूल लावलंय. मुद्दाम एकेरी पाकळ्यांची फुलं निवडली. भरगच्च फुलांत बऱ्याचदा पुंकेसरांच्याच पाकळ्या झालेल्या असतात, मग पराग मिळणार कुठून?

आज गुलाबाच्या पानांच्या कडा कात्रीने कापल्यासारख्या गोल कापलेल्या दिसल्या. पानं कापणारी मधमाशी! त्या तुकड्यांचं अस्तर लावून ती पिल्लांसाठी घर करते. इतका आनंद झाला म्हणून सांगू! झाडाचं काही बिघडत नाही, त्यामुळे फवारणी अजिबात नाही. (सुरवंटांनीही खुशाल खावं, त्याशिवाय फुलपाखरं कशी येणार?) उथळ ताटलीत पाणी आणि खडे ठेवलेत, म्हणजे माश्या बुडत नाहीत. कोपऱ्यातला पालापाचोळा मात्र मी काढणार नाही, कुणी कितीही सांगो. कॉसमॉसच्या बिया भरपूर आहेत, हव्या असतील त्यांनी हक्काने मागा.