पंक्चर काढल्यानंतरची हवा : पावसाळ्यातील तीन प्रसंगांची नोंद

जुलैपासून आतापर्यंत माझे मागचे चाक तीन वेळा रस्त्यात बसले आणि तिन्ही वेळा हवा भरण्याचे साधन वेगळे होते. माझ्या सायकलीला ७०० बाय ३२ मापाचे (साधारण ३२ मिलिमीटर रुंद) टायर आणि प्रेस्टा व्हॉल्व्हच्या, म्हणजे हवा भरायचे तोंड मोटारसायकलीपेक्षा बारीक असलेल्या ट्यूब आहेत, आणि माझ्या वजनाला मागच्या चाकात साधारण ६५ पीएसआय (हवेचा दाब मोजायचे एकक) दाब लागतो. पुढील आकडे याच मापाला धरून वाचावेत. डोंगरी सायकलच्या जाड टायरला ते लागू पडणार नाहीत.

पहिला प्रसंग जुन्या कात्रज घाटातला. पाऊस भुरभुरत होता, सोबतचे सगळे पुढे निघून गेले होते, म्हणून ट्यूब बदलताच मी १६ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड दाबाने भरलेली छोटी नळकांडी लावली. चाक काही क्षणांत टणक झाले, आणि वायू पसरताना इतका थंड होतो की नळकांडीवर पांढरे दव गोठले. नळकांडीचे रबरी वेष्टण घरी राहिल्यामुळे बोटांना चांगलाच चटका बसला. १६ ग्रॅम वायू बाहेर सुमारे ९ लिटर जागा व्यापतो आणि माझ्या ट्यूबमध्ये पावणेदोन लिटरांच्या आतबाहेर जागा आहे, त्यामुळे हिशेबाने ७५ ते ८० पीएसआय मिळायला हवेत आणि थोडी गळती धरूनही माझे काम भागते. २९ इंची, सव्वादोन इंच रुंदीच्या टायरला मात्र हीच नळकांडी तिशीच्याही आत सोडून देईल.

चार किलोमीटरांवर चाक पुन्हा बसले. चूक नळकांडीची नव्हती, माझी होती. टायरच्या आतून बोट फिरवायचे घाईत राहून गेले होते, आणि ट्रकच्या फुटलेल्या टायरमधली केसासारखी बारीक पोलादी तार रबरात तशीच रुतून बसली होती. बाहेरून ती दिसत नव्हती. टायर उलटा करून दुमडल्यावर तिचे जेमतेम दोन मिलिमीटरांचे टोक वर आले. तार उपटली, ट्यूबला ठिगळ लावले, पण हवा भरायला हाताशी काहीच उरले नव्हते. नळकांडी एकदाच वापरता येते ही गोष्ट आपल्या सर्वांना ठाऊक असते, पण ती खरी कळते ती अशा वेळी.

सायकल ढकलत पंक्चरच्या टपरीपर्यंत गेलो. पिशवीच्या तळाशी पितळी अडॅप्टर होता म्हणून निभावले, कारण टपरीवरचा नोझल मोटारसायकलीच्या व्हॉल्व्हचा असतो आणि प्रेस्टावर बसत नाही. “दादा, जरा जपून, लहान ट्यूब आहे,” असे मी म्हणताच टपरीवाले हसून म्हणाले, “काका, घाबरू नका, टिचकी मारल्यासारखी भरतो.” आणि खरोखरच त्यांनी अर्ध्या अर्ध्या सेकंदाचे झटके देत, मध्ये अंगठ्याने चाक दाबून पाहत हवा भरली. कॉम्प्रेसरच्या टाकीतला दाब आपल्या टायरच्या मर्यादेपेक्षा बराच जास्त असू शकतो, त्यामुळे नोझल दाबून धरला तर ट्यूब फुटायला वेळ लागत नाही.

तिसरा प्रसंग खेड शिवापूरच्या पुढचा, आणि यावेळी हातपंप होता. २१० दट्ट्यांनंतर, घरी येऊन मोजल्यावर, चाकात ५८ पीएसआय निघाले. शेवटचे चाळीस दट्टे जड गेले, कारण पंपाच्या २० मिलिमीटर व्यासाच्या पिस्टनला ६० पीएसआयवर जवळजवळ १३ किलोचा जोर लागतो. बारीक नळीच्या पंपाला जोर कमी लागतो, पण दट्टे वाढतात. ज्याची त्याने निवड करावी. वैताग आणला तो दुसऱ्याच गोष्टीने: पंपाची आटे असलेली रबरी नळी सोडवताना तिच्याबरोबर व्हॉल्व्हचा गाभाच (हवा अडवणारा आतला सुटा भाग) फिरून बाहेर आला आणि भरलेली सगळी हवा फुस्सकन निघून गेली. म्हणजे दट्टे प्रत्यक्षात दोनदा मारले. वरचा आकडा दुसऱ्या खेपेचा आहे. आता नवी ट्यूब पिशवीत टाकण्यापूर्वी तिचा गाभा घरीच किल्लीने आवळून ठेवतो.

त्यानंतर घरी एक पडताळणी केली. पुढच्या चाकात नळकांडीने ७४ पीएसआय भरले आणि चोवीस तासांनी मोजले, तर ४८ उरले होते. कार्बन डायऑक्साइड ट्यूबच्या ब्युटाइल रबरात विरघळून साध्या हवेपेक्षा फार लवकर झिरपतो, म्हणून नळकांडी वापरली की घरी पोहोचल्यावर तो वायू सोडून मोठ्या पंपाने साधी हवा भरणे भाग असते. विजेवर चालणाऱ्या छोट्या पंपाचा विचार मी तूर्त बाजूला ठेवला आहे. दिवा, फोन आणि जीपीएस यांच्या चार्जिंगमध्ये आणखी एकाची भर मला नको आहे.

पुढची २०० किलोमीटरची ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकल-फेरी, साडेतेरा तासांत संपवायची आहे. तिच्यासाठी हातपंप फ्रेमला बांधला आहे, पितळी अडॅप्टर व्हॉल्व्हच्या टोपीच्या जागी कायमचा बसवला आहे, आणि वेष्टणासह एकच नळकांडी घेतली आहे, जी वेळ अगदीच हातची जात असेल तरच आणि टायरच्या आतून बोट फिरवून झाल्यावरच उघडायची.